टोप वर राहिलाय

आल्डर फोर्क
१२ सप्टेंबर १९८८

प्रिय ओन्नी भाऊजी,

तुमचं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तोंड वाकडं करू नका. आधी गुडघा, मग ब्लॅकबेरीचा मुरंबा आणि आता एक दाताचा डॉक्टर, अशी तीन दुखणी एकामागून एक आली. फोन का करत नाही म्हणून विचारू नका, फोनमध्ये मला हल्ली नुसता भुंगा ऐकू येतो.

या दाताच्या डॉक्टरचं नाव मर्विन ट्रास्क. निवृत्त आहे, आता लोकांच्या दातांऐवजी जुनी भानगड उकरतो. त्या उडीबाबाच्या भक्तमंडळाचा तो अध्यक्ष. विमान पळवून, खंडणीची थैली कमरेला बांधून, शेपटाच्या जिन्यावरून आपल्या डोंगरांवर कुठेतरी उडी टाकलेला आणि अठरा वर्षांत कुणाच्या हाती न लागलेला तो इसम. त्याच्या नावानं दर नोव्हेंबरात आपल्या गावच्या गुत्त्यात जत्रा भरते. काळे चष्मे आणि काळे टाय लावून दाढीवाले बाप्ये नाचतात. त्या आठवड्यात मी दुकानात जात नाही.

तर हा ट्रास्क दारात येऊन म्हणतो, "मिसेस नीस्काला, आम्हाला विमानाचा तुकडा मिळालाय." अळंबी गोळा करणाऱ्या एका बाईला टकल्या कड्यावर, कुजलेल्या ओंडक्याखाली पत्र्याचा तुकडा सापडला. तो जिन्याचाच आहे असं याचं म्हणणं. म्हणजे उडी तिथंच पडली. म्हणजे मग त्या संध्याकाळी त्याच कड्यावरून नाहीसा झालेला, तरुणपणी वणवे विझवायला विमानातून उड्या मारणारा माणूस कोण होता, हे विचारायला वर्तमानपत्रवाले मोकळे!

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय माझा राग उतरत नाही. तुमचा भाऊ ताउनो आणि त्याचा जोडीदार कालेर्वो वादळ उठलं म्हणून झाडं तोडायचं काम टाकून कड्यावरून खाली आले. गाडीपाशी पोचल्यावर ताउनोनं कॉफीचं भांडं वर राहिल्याचं सांगितलं, मागे फिरला आणि परत आला नाही. आणि ते भांडं? गाडीतच, सीटखाली. शेरीफच्या माणसानं ते माझ्यासमोर धरलं तेव्हा मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. रेडिओवर त्याच रात्री उडीबाबाची बातमी. लोकांनी दोन आणि दोन मिळवून बावीस केले.

मी कधीच मानलं नाही की तो चोर होता. पण आमच्या रेनोनं मानलं. पंधरा वर्षांचं पोर, शाळेत रोज ऐकायचं, "तुझ्या बापानं आम्हालाही वाटा पाठवला का रे?" आता तो अलास्कात मासे धरतो. सहा वर्षांची नात आहे माझी, सिग्ने. ती मला फोटोपुरतीच माहीत. रेनो म्हणतो, त्या गावात पाय ठेवणार नाही. ही बातमी छापून आली तर कायमचाच तुटेल.

तुम्ही जन्मभर विमानाच्या कारखान्यात पत्रे ठोकलेत. ट्रास्कला मी तुमचा पत्ता दिलाय, तो तुकडा पाठवेल. तुमचा शब्द मानायला तो तयार आहे. नीट बघा आणि हा विमानाचा नाही असं लिहून टाका. एवढं कराच.

तुमची,
लेम्पी

---

एव्हरेट
२६ सप्टेंबर १९८८

प्रिय लेम्पीवहिनी,

पार्सल आलं. कापसात गुंडाळलेला तुकडा, जणू कुठल्या राजाची दाढ. दंतवैद्य तो दंतवैद्यच.

तुमचा हुकूम वाचला, "नीट बघा आणि नाही म्हणा." वहिनी, या दोन कामांतलं एकच होईल. मी कारखान्यात शेवटची बारा वर्षं तपासनीस होतो. न बघता शिक्का मारला असता तर आज किती माणसं समुद्राच्या तळाशी असती देव जाणे.

तळहाताहून थोडा मोठा आहे. हलका, ॲल्युमिनियमचाच. कशानं तरी चेपून सपाट झालाय, तीन बाजूंनी फाटलेला, चौथी कड वळवून घेतलेली. मूळचा बाक होता हे कळतं, पण केवढा ते कळत नाही. एका अंगाला हिरव्या रंगाचा पट्टा. या रंगानं माझी झोप उडवलीय. विमानाच्या आतल्या बाजूला गंज धरू नये म्हणून आम्ही हिरवट रंग द्यायचो. ट्रास्कचा सगळा भर यावरच आहे आणि माणूस अगदीच येडपट नाही.

उलट बाजूनं बघावं तर विमानातून निखळलेला जिन्याचा तुकडा वाऱ्यावर कुठल्या कुठे जातो. तो कड्यावर पडला म्हणून माणूसही तिथंच पडला, हे दंतवैद्यकी गणित झालं. पण तुकडा विमानाचा नाहीच, असं म्हणून मला हात झटकता येत नाहीत. अजून भिंग लावून बघतो.

एक लिहू का? ताउनोला वादळातही उडी साधली असती. आमच्या आईला तो सांगायचा, "झाडावर अडकलो तर फांदीला झोका बांधून शिट्टी वाजवतो." असो. इथे पाऊस. तुमच्या वेलदोड्याच्या पावाची आठवण येते.

तुमचा दीर,
ओन्नी

---

आल्डर फोर्क
३ ऑक्टोबर १९८८

ओन्नी भाऊजी,

"प्रिय" आज घातलेलं नाही, बघून ठेवा.

वादळातही उडी साधली असती! कुणाच्या बाजूनं बोलताय? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला कळलं. तुम्हाला तो तुकडा विमानाचा हवाय. तुमचा भाऊ चोर ठरला तरी चालेल, बायकोपोराला टाकून पळाला असं ठरलं तरी चालेल, पण मेलेला नको. कुठेतरी दक्षिणेला ऊन खात बसलेला हवा. खरं ना?

मलाही नको होता हो मेलेला. पण माझ्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा होता, त्याला मी काय सांगत बसणार होते, की बाबा मजेत आहेत?

विमानाचा असेल तर असेल. पण तुमच्या मनात आहे म्हणून विमानाचा करू नका. मीही माझ्या मनात आहे म्हणून "नाही म्हणा" असं लिहायला नको होतं, एवढं कबूल. आता खरं काय ते बघा आणि खरं तेच लिहा. काहीही निघो.

पाव पाठवणार नाही.

लेम्पी

---

एव्हरेट
१० ऑक्टोबर १९८८

प्रिय लेम्पीवहिनी,

कान पकडले. तुम्ही लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. बायको गेल्यापासून संध्याकाळी खुर्चीत बसलो की मला ताउनो दिसतो. मेक्सिकोत आहे, पोट सुटलंय, गवती टोपी घालून लिंबाचं सरबत पितोय आणि मला म्हणतोय, "ओन्न्या, कसं फसवलं!" इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. चोर असला तरी माझ्या हातात त्याचा हात परत यावा एवढीच हाव होती.

आता खरं. काल भिंग, दिवा, पट्टी घेऊन दिवसभर बसलो. तुकडा विमानाचा नाही.

पहिली गोष्ट रंग. आम्ही रंग फवारतो, त्याचा थर कागदासारखा. हा ब्रशनं लावलाय, जाड थापून, आणि ब्रशचा एक केस अजून त्यात चिकटलेला आहे. शिवाय चकचकीत. कुठलाही कारखाना असला रंग विमानाला लावणार नाही.

दुसरी गोष्ट भोकं. वळलेल्या कडेजवळ बारीक भोकांची रांग आहे, मातीनं बुजलेली होती म्हणून आधी दिसली नाही. ट्रास्कला कळवलं तर तो नाचायलाच लागला, "रिव्हेटची भोकं!" वहिनी, मी आयुष्यात पत्रे जोडायला लाखो रिव्हेट ठोकले. रिव्हेटचं भोक गोल, काठ साफ, अंतर सारखं. ही भोकं खिळा हातोडीनं ठोकून पाडलीत, आतून बाहेर. दोन जवळ, तिसरं लांब, चौथं थेट खाली घसरलेलं. ज्या कारागिरानं हे केलं तो दारू प्यायलेला होता, आणि तेही हलत्या होडीत बसून. माझ्या हाताखाली असता तर त्याच दिवशी घरी पाठवला असता.

तेव्हा विमान गेलं, जिना गेला आणि माझा मेक्सिकोही गेला. कुणाचं तरी मोडकं भांडं असेल. ट्रास्कला सविस्तर लिहितो. तुम्ही निश्चिंत राहा, छापून काही येणार नाही.

ओन्नी

---

आल्डर फोर्क
१६ ऑक्टोबर १९८८

प्रिय ओन्नी भाऊजी,

मी दारू पीत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

ती भोकं मी पाडली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, उलथ्या पाटावर ठेवून, दाराच्या चौकटीचा एक जुना खिळा आणि ताउनोची हातोडी घेऊन. आणि चौथं घसरलं कारण तेव्हाच तुमचा भाऊ मागून येऊन म्हणाला, "बायको, तू त्याला टाके घालतेयस की गोळ्या?"

ते ताउनोचं हेल्मेट आहे, भाऊजी. कामावरचं, पत्र्याचं. हिवाळ्यात त्याचे कान गारठायचे म्हणून मी कडेनं भोकं पाडून आतून फ्लॅनेलची पट्टी शिवली होती. तुमचं पत्र मी उभ्यानं वाचत होते, त्या ओळीशी आले आणि मला आधी राग आला. अख्खा राग आला, हलती होडी वगैरे वाचून. मग मी खाली बसले.

आणि हिरवा पट्टा रेनोचा. आधीच्या पत्रात वाचला तेव्हा रागात ध्यानात आलं नाही. त्यानं त्या उन्हाळ्यात आपली होडी रंगवली होती. डब्याच्या तळाशी रंग उरला, तेव्हा बापाच्या हेल्मेटवर पुढून मागे पट्टा ओढला. म्हणे धुक्यात बाबा लांबून दिसले पाहिजेत. ताउनो त्या पट्ट्याला इतका जपायचा की हेल्मेट जमिनीवर टेकवायचा नाही, बुंध्यावर ठेवायचा.

आता त्याचं हेल्मेट सापडलंय आणि तो आपल्याच कड्यावर आहे, कुठेही पळालेला नाही, एवढं कळलं. रडून झालं. तुमच्या वाटणीचंही रडले, मेक्सिकोसाठी.

पण एक काटा राहिलाच. खोटं का बोलला? ज्या भांड्यासाठी गेला ते गाडीत होतं. वादळात, झाडं कडाडा मोडत असताना, माणूस खोटं बोलून वर कशाला जाईल? कालेर्वोनं मला स्वतः आपल्या फिनिश भाषेत सांगितलं होतं, त्याचे शब्द माझ्या कानात अजून आहेत. ताउनो म्हणाला, "टोप वर राहिलाय. घेऊन येतो." बस, इतकंच. कॉफीचा टोप मी सकाळी स्वतः घासून दिला होता. तो सीटखाली होता. रेनो यावरच अडून बसलाय. तो म्हणतो, "चोरीचं सोड आई, पण शेवटचं वाक्य खोटं होतं की नाही?" त्याला काय लिहू, तुम्हीच सांगा.

लेम्पी

---

एव्हरेट
२० ऑक्टोबर १९८८

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता आलं, टपालवाला अजून गल्लीच्या टोकाला असेल. घाईनं लिहितोय, अक्षर लागलं नाही तर ट्रास्ककडून लावून घ्या.

"टोप" म्हणाला? नक्की टोप? मग तो खोटं बोलला नाही!

अहो, तुम्ही नदीच्या मुखाशी मासेमारांत वाढलेल्या. तुमच्याकडे टोप म्हणजे चुलीवरचा. आमच्या बाबांच्या टोळीपासून जंगलातला एकही फिनिश माणूस हेल्मेटला हेल्मेट म्हणत नव्हता. टोप म्हणायचे, टोप! डोक्यावर ठेवायचा टोप. लढाईतल्या शिरस्त्राणालाही आम्ही टोपच म्हणतो. ताउनो घरात तुमच्याशी बोलताना शहाण्यासारखं हेल्मेट म्हणत असेल, पण मी सुट्टीत त्याच्याबरोबर कड्यावर गेलो की पहिलं वाक्य हेच, "ओन्न्या, टोप घाल, नाहीतर इथल्या फांद्या तुझ्या बायकोला विधवा करतील."

कॉफी प्यायला बसले असतील. टोप काढून बुंध्यावर ठेवला असेल, पट्टा खरचटू नये म्हणून. वादळ उठलं, घाईनं खाली धावले. गाडीपाशी आल्यावर डोक्याला हात लागला. "टोप वर राहिलाय." बस. यात खोटं काय आहे?

शेरीफच्या माणसाला इंग्रजी सांगितलं कुणी? दुकानदार साल्मीनं ना? त्याच्या दुकानात टोप म्हणजे शेल्फवरचा, झाकणासकट. त्यानं "कॉफीचं भांडं" करून टाकलं आणि गाडीत भांडं निघाल्यावर माझा भाऊ लबाड ठरला. आणि मी इथं बसून विमानं बघत होतो! मला कधी कुणी मूळ शब्द सांगितलाच नाही, "भांडं, भांडं" एवढंच कानावर आलं. हेल्मेट हातात होतं तरी मला दिसलं नाही, कारण मला विमान बघायला सांगितलं होतं.

रडतोय आणि हसतोय. शेजारीण दारात येऊन चौकशी करून गेली.

ओन्नी

---

आल्डर फोर्क
२६ ऑक्टोबर १९८८

प्रिय ओन्नी भाऊजी,

सकाळपासून घरात फिरतेय आणि मोठ्यानं म्हणतेय, "टोप वर राहिलाय." मांजर घाबरून माळ्यावर गेलंय.

कालेर्वो त्यानंतरच्या वसंतात कायमचा फिनलंडला गेला. निघण्याआधी दारात आला, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "निदान टोप तरी मिळाला असेल त्याला." मला वाटलं हाही कॉफीच्या भांड्यावरून टोमणा मारतोय. तोंडावर दार लावलं मी. बिचारा सांत्वन करत होता! आता तो या जगात नाही, नाहीतर त्याला अख्खा केक पाठवला असता.

आता दोन गोष्टी.

एक. ट्रास्कला विचारा, तुकडा कुठे सापडला, ज्यावर बसून ते कॉफी प्यायचे त्या बुंध्याच्या वर की खाली? तो बुंधा अजून आहे, देवदाराचा, दोन माणसं बसतील एवढा. बाकी मला काही नको. तो वर जातानाच गेला, की टोप घेऊन घराकडे निघाला होता, एवढं मला कळलं पाहिजे.

दोन. रेनोला हेल्मेटचं सांगा, शब्दाचं सांगा, तुमच्याकडून ऐकेल. पण हिरव्या पट्ट्याचं एक अक्षर काढू नका. पोरानं रंगवला म्हणून बाप तो टोप आणायला वादळात परत गेला, हे त्याच्या डोक्यात शिरलं तर तो ते जन्मभर उरावर घेऊन फिरेल. शपथ आहे तुम्हाला.

जत्रेला तुम्ही येताय असं ट्रास्कनं कळवलं. माडीवरची खोली झाडलीय. पाव करेन.

लेम्पी

---

एव्हरेट
५ डिसेंबर १९८८

प्रिय लेम्पीवहिनी,

सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेला पाव बसमध्येच संपला, शेजारच्या खलाशाला वास लागला होता.

गुत्त्यातला तो प्रसंग आठवला की अजून हसू येतं. समोर सहा उडीबाबा, काळे चष्मे, हातात बियर, आणि मी मधोमध उभा राहून त्यांना रिव्हेट समजावतोय. "विमानाचा नाही" म्हटल्यावर केवढी ओरड! एक जण म्हणाला, "म्हातारा चोराचा भाऊ आहे, त्याची साक्ष कसली?" तेव्हा ट्रास्क उठला. मला वाटलं हा आता माझे दात पाडणार. पण तो म्हणाला, "मी या तुकड्यावर दोन महिने जीव लावला. आज मला कळलं की तो एका माणसाचा आहे, आणि त्याची बायको या रस्त्यावर राहते. टोप्या काढा." आणि काढल्या हो सगळ्यांनी, चष्मेसुद्धा. हे तुम्हाला तिथं बघायला मिळायला हवं होतं.

कड्यावर काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. तुम्ही खाली गाडीत बसला होतात आणि मी आल्यावर फक्त "खाली" एवढंच म्हणू शकलो. आता सांगतो. बुंधा मिळाला. तुकड्याची जागा त्याच्या बरीच खाली, ओढ्याच्या अलीकडे, जुन्या वाटेवर. ट्रास्कचं धातू शोधायचं यंत्र तिथं वाजायला लागलं. शेरीफच्या माणसांनी ओंडका बाजूला केला. तिथं बुटाचे खिळे मिळाले, तळव्याच्या आकारात जसेच्या तसे, आणि कमरपट्ट्याचं बक्कल. बुटांची टोकं उताराकडे होती, वहिनी. खालच्या गाडीकडे. टोप घेऊन तो घरी निघाला होता. वरून झाड आलं. त्याला कळलंही नसेल असं शेरीफ म्हणाला आणि मला ते खरं वाटतं.

आता तुमची शपथ. मोडली. ओरडायचं ते ओरडा.

रेनोला मी फोन केला. टोप म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. मग विचारलं, "काका, हेल्मेट बाबांचंच, हे कशावरून?" मी भोकांचं सांगितलं. तो म्हणाला, "भोकं कुणीही पाडेल. हिरवा पट्टा होता का?" आता सांगा, मी काय करायचं? ज्यानं पट्टा ओढला तोच विचारतोय. मी हो म्हणालो.

मी घाबरलो होतो. पण तो म्हणाला, "म्हणजे तो परत गेला ते माझ्या पट्ट्यासाठी." मी म्हटलं, "असेल." तर म्हणतो, "काका, अठरा वर्षं मला वाटत होतं की ज्याच्यासाठी परत यावं असं त्याचं घरी काहीच नव्हतं." आणि फोन ठेवला.

तुम्हाला वाटलं हे ओझं होईल. मला वाटतं त्याचं ओझं उतरलं. चुकलो असेन तर पुढच्या वेळी पाव देऊ नका.

ओन्नी

---

आल्डर फोर्क
२६ जून १९८९

प्रिय ओन्नी भाऊजी,

पावाचं पार्सल वेगळं पाठवलंय. त्यावरून काय ते समजा.

तुमचा गुडघा मोडायला हाच आठवडा मिळाला होता? माझ्याच दुखण्याची नक्कल करायची सवय काही जात नाही तुमची. आपल्या उन्हाळी शेकोटीच्या सणाला सगळे आले आणि तुम्ही तेवढे नव्हतात, म्हणून सगळं लिहिते.

रेनो गुरुवारी आला. दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण मला वाटलं ताउनोच. तोच वाकलेला खांदा. तो म्हणाला, "आई, चौकट खाली आलीय." मी म्हटलं, "तू वर गेलायस." बास, एवढंच बोलणं झालं, मग मी माशाच्या रश्शात दोनदा मीठ घातलं आणि त्यानं तो दोनदा घेतला.

सिग्ने माझ्यासारखी तोंडाळ आहे. पहिल्याच दिवशी विचारते, "आजी, तू आमच्याकडे का येत नाहीस? तुला समुद्र आवडत नाही का?" तिच्या बापाकडे बघून मी म्हटलं, "आता बोलावलंस ना, येईन."

गावात रेनो दुकानात गेला. साल्मीच्या मुलानं गल्ल्यावरून हात पुढे केला आणि बराच वेळ हलवत राहिला. घरी येऊन रेनो म्हणाला, "हात दुखायला लागला." पण खूश होता.

शनिवारी सकाळी कड्यावर गेलो. ट्रास्कनं बुंध्याजवळ एक लहानशी पाटी बसवलीय, तुम्हाला माहीतच आहे. मी गाडीपाशी थांबले, जिथं कालेर्वो थांबला होता तिथंच. रेनो आणि सिग्ने कॉफीचा टोप, कप आणि तुमचा आवडता पाव घेऊन वर गेले. बुंध्यावर बसून कॉफी प्यायले, बापाच्या नावानं एक कप ओतला. मला खालून धूर दिसत होता.

तासाभरानं दोघं हसत खाली आले. सिग्नेच्या खिशात देवदाराची फळं. गाडीचं दार उघडलं, टोपलीत बघितलं आणि रेनो थबकला. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, टोप वर राहिलाय."

भाऊजी, मीही टोपलीत डोकावले. मुद्दाम विसरला की खरंच विसरला, मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. मी म्हणाले, "राहू दे रे. दुसरा आहे घरी." तो म्हणाला, "घेऊन येतो." आणि गेला.

सिग्नेचा हात मी इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आजी, दुखतंय." आकाश निळंशार होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं, एक पान हलत नव्हतं. तरी मी ऐकत होते. वाटेच्या वळणावर माझी नजर लागली होती. पोरगी बडबडत होती, माझ्या कानात फोनचा भुंगा.

मग झाडांतून काहीतरी चकाकलं. रेनो वळणावरून आला, उड्या मारत, आणि कॉफीचा टोप त्यानं उलटा करून डोक्यावर घातला होता. कान झाकले होते. दांडी मागे डुगडुगत होती. सिग्ने हसून हसून गवतात लोळली.

"आणला," तो म्हणाला.

कॉफीचा गाळ त्याच्या कपाळावरून नाकावर ओघळत होता. मी रुमालानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, थुंकी लावून, आणि त्यानं पुसू दिलं. टोपाच्या काठाला चांगलाच पोचा पडलाय. ऑगस्टमध्ये मी अलास्काला निघाले की एव्हरेटला उतरेन, तेव्हा घेऊन येते. तुम्ही काढून द्या, पण भोक पाडू नका.

तुमची वहिनी,
लेम्पी